डॅन्यूब: पाणी नाही, पाटी आहे

दिवाळीच्या आधी माळा आवरताना बाबांची २०१९ ची वही हाताला लागली. हरवली होती असं काही नाही, बाबांच्या सगळ्या वह्या माळ्यावरच असतात, वर्षवार, सुतळीनं बांधलेल्या, पण या वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनानं 'जर्मनी' लिहिलेलं होतं त्यामुळे मी तिथंच फतकल मारून बसले आणि आवराआवर तिथंच संपली. आई खालून दोनदा ओरडली, मग तिनंही नाद सोडला.

आम्ही दोघं साडेसात वर्षं श्टुटगार्टला होतो. आता परत येऊन दोनेक वर्षं झाली, कोथरूडात आईबाबांच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, आणि खरं सांगायचं तर जर्मनी आता फोटोतच उरलंय. फोटोत सगळं छान दिसतं. मागे बर्फ, पुढे आम्ही चौघं, आईच्या साडीवर माझं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज. वहीत मात्र वेगळाच युरोप निघाला.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांची डायरी म्हणजे भावनांचा पूर वगैरे नाही. तारीख, तपमान, खर्च, कोण किती वाजता आलं. उदाहरणार्थ: "११ मे. १४ अंश. पाऊस. दूध १.०९. जावई ७.५० ला आले. थकलेले." दुसऱ्या पानावर: "१३ मे. १२ अंश. मोबाईल सिम. जावई ८.१० ला आले. जेवताना बोलले नाहीत." मी तेव्हा समजत होते की आम्ही यांना युरोप दाखवतोय.

तर सुरुवातीपासून. आईबाबांना बोलवायचं म्हणजे आधी तिकडच्या ऑफिसात जाऊन हमीपत्र करायचं, पगाराच्या स्लिपा दाखवायच्या, घर किती चौरस मीटरचं आहे ते सांगायचं, आणि लिहून द्यायचं की या दोघांचा राहण्याखाण्याचा, आजारपणाचा, वेळ पडली तर परत पाठवण्याचा खर्च आम्ही करू. त्यावर तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स वेगळा. मी तो कागद बाबांना पाठवला तर त्यांचा फोन, "म्हणजे आता तू आमची पालक झालीस. शाळेत सही करायला येत जा." आणि हे सगळं करून मिळतात किती दिवस, तर १८० दिवसांतले ९०. त्यात उतरल्याचा दिवस धरायचा आणि निघायचाही धरायचा. आई घरी आल्याचे दिवस कधी मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण मी फ्रिजवर कॅलेंडर लावून रोज फुली मारायचे, आणि आईला ते अजिबात आवडायचं नाही. "जेलमधले लोक करतात तसं काय करतेस गं?"

शिवाय आमच्याकडे पाळ्या. एका वर्षी माझे, एका वर्षी नागपूरचे. सासूसासऱ्यांच्या वेळच्या गमती वेगळ्या आहेत, त्या इथे लिहिल्या तर मला नागपूरला जाता येणार नाही, त्यामुळे असो.

सामानात तूप चालत नाही हे आईला पटायलाच महिना गेला. दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशातून प्रवाशांनी आणायचेच नाहीत असा तिकडचा नियम आहे, म्हणजे तूप गेलं, पेढे गेले, आंबाबर्फी गेली. "अगं पण घरचं कढवलेलं तूप आहे!" जणू कस्टमवाल्याला वास दिला की तो विरघळेल. शेवटी कुरडया, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि दोन किलो शेंगदाणे यावर समझोता झाला. भाजणीची पिशवी एअरपोर्टवर उघडायला लावली, त्या माणसानं वास घेतला आणि परत बांधून दिली. आई म्हणते तो मोहात पडला होता.

श्टुटगार्टकडच्या लोकांना श्वाबिश म्हणतात आणि उरलेली जर्मनी त्यांच्याबद्दल जे बोलते ते ऐकून मला पहिल्याच वर्षी घरी आल्यासारखं वाटलं होतं. चिकट, काटकसरी, शिस्तीचे, स्वतःच्या गावाचा अभिमान फार, आणि दुसऱ्याला शिकवायची हौस. त्यात आमच्या बिल्डिंगमध्ये केरवोखं. म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी. ज्या घराची पाळी असेल त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते, आठवडा संपला की ती पाटी शेजारच्या दाराला. या प्रथेचं मूळ थेट १४९२ सालच्या श्टुटगार्टच्या नियमांपर्यंत नेऊन सांगतात. सरकारी सक्ती उठूनही आता बरीच वर्षं झाली, पण भाडेकराराच्या कागदात ती आहेच. आम्ही नवराबायको शनिवारी रात्री चोरासारखे फडकं मारून यायचो.

आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "केर काढायचा आठवडा ना? मग मराठीच आहे की."

आणि तिनं ते खातं हातात घेतलं. तीन मजले, वरून खाली, कोपऱ्यात बोट घालून. मग खाली दारापुढे पाणी शिंपडलं आणि एवढीशी, तळहाताएवढी, रांगोळी काढली. तळमजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहायच्या, ज्यांनी आधीच्या चार वर्षांत मला दोन वेळा जिन्यातल्या धुळीबद्दल बोलून दाखवलं होतं. त्या बाहेर आल्या, कठड्याखालून बोट फिरवलं, बोट बघितलं, रांगोळी बघितली, आणि आत निघून गेल्या. मी वरून बघत होते, पोटात गोळा. दहा मिनिटांनी परत आल्या त्या लाल आंबट करवंदाएवढ्या फळांचा केक घेऊन. आईनं अंडं आहे का विचारायला कोंबडीची ॲक्टिंग केली. अंडं होतं. आईनं थँक्यू म्हणून तो केक घेतला आणि जावयाला दिला, आणि दुसऱ्या दिवशी बशी रिकामी परत करायची नाही म्हणून त्यात भाजणीचं थालीपीठ. पुढचे दोन महिने त्या बशीनं किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे. आजी श्वाबिशमधून बोलायच्या, आई मराठीतून, मधे मी आले की दोघी गप्प व्हायच्या.

वहीत याबद्दल एकच ओळ आहे: "हिची खालच्या बाईंशी मैत्री. बशी त्यांची की आपली, विचारणे."

फिरणं म्हणाल तर सगळं केलं जे सगळे करतात. युंगफ्राऊला गेलो, ३४५४ मीटर, माणशी दोनशे फ्रँकच्या वर तिकीट, वर धुकं. शून्य दिसलं. मी रडकुंडीला आले, पण बाबा खूश, कारण त्यांना डोंगर बघायचाच नव्हता, बोगदा बघायचा होता. १८९६ ला काम सुरू, १९१२ ला वर गाडी पोचली, सात किलोमीटरच्या आसपास बोगदा, एवढं पाठ करूनच आले होते. "सोळा वर्षं," म्हणाले, "आपल्याकडे तेवढ्यात फक्त भूसंपादन होतं." आई खिडकीपाशी उभी राहून पांढऱ्याकडे बघत होती आणि म्हणाली कैलास असाच असेल. बाकी ऱ्हाईनचा धबधबा, उल्मचं चर्च, ती सगळी ठिकाणं चांगलीच आहेत, त्यांचे फोटो सगळ्यांकडे असतात.

आता हायवेवरच्या संडासांबद्दल सांगायलाच हवं. तेव्हा ७० सेंट टाकले की फाटक उघडायचं आणि ५० सेंटचं कूपन मिळायचं, जे हायवेवरच्या अशा थांब्यांवरच्या दुकानांत चालायचं. पण त्या दुकानांत पाण्याची बाटली तीन युरो, त्यामुळे बाबा तिथून काही घेऊ द्यायचे नाहीत. कूपन मात्र टाकायचे पण नाहीत. पाकिटात नीट घडी. "५० सेंट म्हणजे चाळीस रुपये. फेकायचे?"

जूनच्या शेवटी पालख्या पुण्यात आल्या आणि आईचं लक्ष उडालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पालखी चुकली होती. ती काही बोलली नाही, फक्त टीव्हीवरचं लाइव्ह मोबाईलवर बघत बसायची, पहाटे उठून, आपल्याकडची वेळ साधायला. मग एकदा म्हणाली, एकादशीला निदान एखाद्या नदीवर तरी नेशील का, कुठली का असेना. आषाढी त्या वर्षी १२ जुलैला, शुक्रवारी. नवऱ्यानं सुट्टी टाकली, आणि बाबांनी नकाशा बघून ठरवलं की नदीवरच जायचं तर उगमालाच जाऊ, डॅन्यूब, इथून दीड तासावर आहे. आपल्या लोकांना उगमाचं काय असतं कळत नाही. भीमाशंकर, महाबळेश्वर, त्र्यंबक, कुठेही जा, गोमुखातून पाण्याची एक बारीक धार दाखवतात आणि आपण हात जोडतो.

साबुदाण्याची खिचडी करून, आशियाई दुकानातला साबुदाणा, सगळा चिकट गोळा झालेला, डबा भरून निघालो. डोनाउएशिंगेन नावाचं गाव आहे ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, तिथं राजवाड्याशेजारी एक गोल दगडी कुंड, भोवती नक्षीचा कठडा, तळाशी नाणी. वर पुतळा: बार नावाचा तो प्रदेश म्हणजे आई, आणि डॅन्यूब म्हणजे तिची लहान मुलगी, आई तिला पूर्वेकडे वाट दाखवतेय. खाली लिहिलंय समुद्रसपाटीपासून ६७८ मीटर, समुद्रापर्यंत २८४० किलोमीटर. आई बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लग्न ठरलेलं दिसतंय." आणि रुपयाचं नाणं टाकलं.

तिथंही वाद आहेच. खरा उगम इथला नाही, वर फुर्टवांगेनजवळ जी ब्रेग नदी निघते तोच, असं त्या गावाचं म्हणणं. बाबांना हे फार आवडलं. आम्ही गावाबाहेर जिथं ब्रिगाख आणि ब्रेग मिळतात तिथं गेलो, संगम म्हटल्यावर आई एकदम मोकळी झाली, कऱ्हाडला आल्यासारखी चपला काढून पाण्यात उतरली, गार पाण्यानं शहारली, आणि तोंडानं विठ्ठल विठ्ठल. काठावर एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता. तो थांबला, टोपी काढली, आणि गेला.

खरी मजा पुढे. तिथून वीसेक किलोमीटरवर इमेंडिंगेन आहे, तिथं डॅन्यूब गायब होते. म्हणजे खरोखर. खाली चुनखडीचा दगड, त्याला भेगा, त्यात नदीचं पाणी शिरतं आणि वर्षातले कित्येक दिवस पात्र कोरडं ठणठणीत पडतं. आम्ही गेलो तेव्हाही तसंच. पांढरे गोटे, मधे एक डबकं, त्यात एक बारीक भोवरा गरगरतोय आणि कडेला माहितीचा फलक. बाबा पात्रात उतरले, म्हणजे ६७ व्या वर्षी, गुडघा धरून, आणि भेगेला कान लावला. "येतोय आवाज," म्हणाले. मी फलक वाचून भाषांतर करत होते. १८७७ मध्ये इथं पाण्यात मीठ आणि हिरवा चमकणारा रंग सोडला, साठेक तासांनी तोच रंग बारा किलोमीटरवर आख गावच्या झऱ्यात वर आला. आणि आखचं पाणी जातं ऱ्हाईनमध्ये. म्हणजे डॅन्यूबचं इथलं बरंचसं पाणी काळ्या समुद्राला न जाता गुपचूप उत्तर समुद्राला.

"आणि भांडण नाही झालं?" बाबांनी विचारलं.

झालं होतं. एका राज्याचं पाणी दुसऱ्याच्या झऱ्यात, प्रकरण कोर्टात, १९२७ ला निकाल. बाबा इतके हसले की त्यांना दगडावर बसावं लागलं. अख्खी नोकरी त्यांची कृष्णा लवाद, बच्छावत आयोग, टीएमसी, तुमचं पाणी आमचं पाणी यात गेलेली. "म्हणजे हे पण आपल्यातलेच!" त्या दिवसाची वहीतली पहिली ओळ: "१२ जुलै. डॅन्यूब (इमेंडिंगेन). पाणी नाही, पाटी आहे." पुणेकराला आणखी काय हवं.

मग आखला गेलो. झरा म्हणजे मला वाटलं होतं कुंडीएवढा असेल. चांगलं तळं आहे, निळंहिरवं, आणि मधून पाणी वर उसळत राहतं, आवाज न करता. आई आणि मी झाडाखाली खिचडीचा गोळा फोडत बसलो. बाबा आणि नवरा तळ्याच्या पलीकडच्या बाकावर. मला लांबून दिसत होतं की बाबा हात हलवून काही सांगतायत, आणि मला न ऐकताही माहीत होतं काय ते. १२ जुलैला दुसरं काय सांगणार. १२ जुलै १९६१, पानशेत. बाबा नऊ वर्षांचे होते, नारायण पेठेत वाडा. धरण पुरतं बांधून व्हायच्या आधीच त्यात पाणी साठवलं, ते फुटलं, मागोमाग खडकवासला. आजीनं देवघरातले देव पदरात घेतले, एका हाताला बाबा, एका हाताला आत्या, आणि पर्वतीच्या दिशेनं पळत सुटली. परत आले तेव्हा वाड्याच्या जागी चिखल, आणि त्या चिखलात आजोबांचं शिवणयंत्र उभंच्या उभं. मग पूरग्रस्तांची वसाहत, मग तिथंच कॉलेज. मी हे लहानपणापासून दर १२ जुलैला ऐकलंय, त्यामुळे मी ऐकत नाही. नवरा नागपूरचा, त्याला पानशेत म्हणजे पिकनिक स्पॉट. तो ऐकत होता. मग बराच वेळ तो बोलत होता आणि बाबा ऐकत होते. मला वाटलं क्रिकेट असेल, कारण वर्ल्ड कपमधून आपण दोनच दिवसांपूर्वी बाहेर पडलो होतो.

परतताना गाडीत सगळे गप्प. मी म्हटलं दमले असतील.

पुढे पॅरिसला गेलो ते २५ जुलैला, आयुष्यातला सगळ्यात मूर्ख दिवस निवडून. त्या दिवशी पॅरिसमध्ये ४२.६ अंश, तिथल्या नोंदींमधलं सर्वात जास्त. नोत्र दामला एप्रिलमध्ये आग लागलेली, त्यामुळे चारी बाजूंनी पत्रे. हॉटेलात पंखा नाही. "बेचाळीस आपल्याकडेही होतं," आई म्हणाली, "पण वर काहीतरी फिरत तरी असतं." आयफेल टॉवरला बाबांनी ऐनवेळी वर यायला नकार दिला, गुडघा दुखतोय, तुम्ही जा, मी सावलीत बसतो. आई म्हणे ते नाहीत तर मीही नाही. मग आम्हीही गेलो नाही. आणि निघताना हॉटेलचं बिल बाबांनी हट्टानं भरलं, कार्डावर, रुपयांतून, कमिशन देऊन. मी इतकी भडकले की काउंटरवरच भांडले. आम्ही बोलावलंय ना तुम्हाला, आम्ही दोघं कमावतो, तुम्ही पेन्शनर. बाबा म्हणाले, "असू दे गं. मला पॅरिसला पैसे भरल्याची पावती हवी होती."

मला ते तेव्हा पुणेरी विनोद वाटलं होतं.

सप्टेंबरमध्ये नवऱ्यानं सांगितलं की त्याचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरनंतर वाढवत नाहीयेत. मे महिन्यातच कुणकुण लागली होती म्हणाला, आई येणार म्हणून तू किती खुशीत होतीस, कसं सांगणार. मी समजून घेतलं, म्हणजे दोन दिवस बोलले नाही आणि मग समजून घेतलं. नंतर दुसरी नोकरी मिळाली, जराशी लहान कंपनी, ते सगळं यथावकाश झालं. मला इतकी वर्षं वाटत होतं की सप्टेंबरपर्यंत हे ओझं त्यानं एकट्यानं वाहिलं.

माळ्यावर बसून मी १२ जुलैचं पान उलटलं. पाणी नाही, पाटी आहे. त्याखाली आखच्या पाण्याचं तपमान, अंदाजे, बोट घालून. त्याखाली: "जावयांच्या नोकरीचं कळलं. त्यांनीच सांगितलं. हिला व पोरीला सांगू नये म्हणाले. सांगितलं नाही." आणि पुढे २५ जुलै: "४२.६!! हॉटेल मी दिलं. पोर चिडली. आयफेल लिफ्ट चौघांची वाचली. गुडघा बरा आहे."

मी वही घेऊन खाली आले. नवरा कंदिलाची वायर सोडवत होता, त्याच्यासमोर उघडी धरली. त्यानं वाचली, कानापर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, "लिहून ठेवलं होय त्यांनी! मला म्हणाले होते, खात्यात चाळीस वर्षं गोपनीय कागद सांभाळलेत."

बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी हात पुढे केला. "माझी आहे ना ती? आण इकडे." शेवटचं पान उघडलं. तिथं परतीची नोंद होती, ४ ऑगस्ट, मुंबईत धो धो पाऊस, एक्सप्रेसवेवर तीन तास अडकलो, खडकवासल्यातून चाळीस हजारांच्या वर क्युसेक सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली. मला आठवलं, पोचल्यावर त्यांचा पहिला मेसेज हाच होता. सुखरूप पोचलो वगैरे नाही. आणि त्या पानाला टाचणीनं लावलेली कूपनं, संडासांची, अकरा. पिवळी पडलेली. खाली हिशोब: ११ × ०.५० = ५.५०. पुढील खेपेस वापरणे.

पुढची खेप झालीच नाही. आधी करोना, मग आईचं ऑपरेशन, मग आम्हीच परत आलो.

बाबांनी चष्मा वर करून कूपनं मोजली. अकराच होती. "अजून चालतील का गं ही?"

मी काही बोलले नाही, आवाज येईना म्हणून. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "चालत असतील तर त्या खालच्या आजींना पाठवून दे. आणि त्यांना म्हणावं बशी माझ्याकडेच राहिलीय."